खोडलेलं चित्र

रविवार, रात्री उशिरा

बोटं अजून काळी आहेत. टेबलभर खोडरबराचा चुरा पडलाय, तो सकाळी झाडेन.

काल प्रदर्शनात एका जवळजवळ कोऱ्या कॅनव्हाससमोर माझ्या तोंडून ते नेहमीचं निघून गेलं, "यात काय, हे मलाही जमलं असतं." नवरा म्हणाला, "मग कर की." विषय तिथेच संपायला हवा होता. पण मला अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग आठवला आणि झोप गेली.

१९५३ ची गोष्ट. राउशेनबर्गने तिशीही गाठली नव्हती. निव्वळ खोडून चित्र होतं का, हे त्याला बघायचं होतं. आधी त्याने स्वतःचीच रेखाटनं खोडली, पण समाधान होईना. मग तो थेट चित्रकार विलेम डी कूनिंगकडे गेला. डी कूनिंग तेव्हा मोठं नाव. अशा माणसाच्या दारात जाऊन 'तुमचं एक चित्र द्या, मला खोडायचंय' म्हणायचं! (मला शेजारणीकडे विरजण मागायलाही दहा मिनिटं लागतात.)

डी कूनिंगला कल्पना आवडली नव्हती, तरी त्याने चित्र दिलं. आणि दिलं ते मुद्दाम निवडून: गेल्यावर आपल्याला चुटपुट लागेल असं, शिवाय खोडायला कठीण. कोळसा, पेन्सिल, खडू, तैलरंग, सगळं त्यात होतं. राउशेनबर्ग महिनाभर खोडत होता. शेवटी उरला मळकट कागद, त्याला सोनेरी चौकट आणि खाली त्याचा चित्रकार मित्र जॅस्पर जॉन्सने लिहिलेली नेटकी नावपट्टी. आज तो सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. २०१० मध्ये अवरक्त किरणांनी तपासल्यावर त्यात पुसट आकृत्याही दिसल्या. म्हणजे महिनाभर घासूनही पुरतं गेलं नाहीच.

नावपट्टी काढली तर तो रद्दीचा कागद, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. आज दुपारी जुन्या वहीतलं माझंच एक रेखाटन घेतलं आणि खोडायला बसले. वीस मिनिटांत काम संपलं. मनगट दुखलं, बाकी काहीही वाटलं नाही. ते चित्र गेलं याचं मला दुःख नव्हतंच. राउशेनबर्गचं स्वतःच्या चित्रांवर का भागलं नाही, ते मनगट चोळताना कळलं.

शिल्पकार ब्रांकूशीच्या 'अवकाशातील पक्षी' या शिल्पावर १९२६ मध्ये अमेरिकेच्या कस्टमने चाळीस टक्के कर लावला होता, कलाकृतीला असलेली माफी नाकारून. त्या गुळगुळीत उभ्या धातूत त्यांना पक्षी दिसेना. १९२८ मध्ये निकाल ब्रांकूशीच्या बाजूने लागला. मी आजवर त्या कस्टम अधिकाऱ्यांना हसत आले, पण कालचं माझं वाक्य त्यांच्याच पंगतीतलं. आम्ही दोघंही वस्तूकडेच बघत बसलो. त्या मळकट कागदात मला आता जास्त दिसतो तो डी कूनिंग, चित्रांच्या गठ्ठ्यातून 'हे नको, हे सोपं जाईल' करत बसलेला.

अर्थात सगळ्याच कोऱ्या कॅनव्हासमागे असा कुणी असतो असं नाही. कालच्या त्या चित्रामागे होता का? मी तर पाटीही न वाचता पुढे गेले होते.

संध्याकाळी लेकीला सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुझं एक चित्र देतेस? खोडायला." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फाइल घेऊन आली, पाठ करून बसली, चाळत राहिली. एक काढलं, परत ठेवलं. दुसरं काढलं.

"हे घे. याच्यात घोडा बिघडलाय."

तिने आधी काढून परत ठेवलेलं कोणतं, ते मी विचारलं. ती फाइल घेऊन तिच्या खोलीत गेली.

बिघडलेला घोडा माझ्यासमोर आहे. एक पाय जास्त आहे त्याला. खोडरबर हातात घेतला होता, ठेवून दिला.