डेर्नाऊची पोरं

31 जुलै 2021, शनिवार. सांगलीत आमच्या गावभागातल्या घरातून पाणी नुकतंच उतरलेलं, बाबा आणि काका गाळ काढत होते, आणि मी त्याच दिवशी जर्मनीत दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातला गाळ काढायला निघालेले. सकाळी सहाला बाबांचा फोन आला, तिकडं साडेनऊ वाजलेले. म्हणाले, यावेळी 2019 एवढं नाही आलं बाळा, वर चढवलेलं सामान सगळं वाचलंय, तू तुझं काम कर, इथं मंडळाची पोरं आहेत मदतीला. ते ऐकून जिवाला खरंच बरं वाटलं. 2019 ला मी लास्ट इयरला होते, तेव्हा आम्ही कॉलेजची मुलंमुली लोकांची घरं धूत फिरत होतो, पण कुठलं घर आधी घ्यायचं, कुठल्या घरात आजी एकटी राहते, कुणाचा मुलगा पुण्यात अडकलाय हे सगळं मंडळाच्या पोरांना पाठ होतं, त्यांनी बोट दाखवायचं आणि आम्ही घमेली उचलायची.

तर इकडचं सांगते. मी बॉनला मास्टर्स करत होते आणि तिथून गाडीने फार लांब नाही अशा अंतरावर आर नावाच्या नदीचं खोरं आहे. आर म्हणजे आपल्या कृष्णेपुढं अगदीच लहान, 85 किलोमीटर लांब, पुढं जाऊन ऱ्हाईनला मिळते. अरुंद खोरं, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, डोंगरांवर द्राक्षाचे मळे, रेड वाईनसाठी प्रसिद्ध भाग. 14 जुलैला पाऊस पडला आणि रात्रीतून सगळं गेलं. आल्टेनआरला नदीची पातळी मोजतात, तिथला आधीचा रेकॉर्ड 3.71 मीटर होता, 2016 चा. या वेळी मोजायचं यंत्रच वाहून गेलं, नंतर हिशोब मांडला तेव्हा पाणी 10 मीटरच्या आसपास गेलं असणार असं निघालं. एकट्या आर खोऱ्यात 130 पेक्षा जास्त माणसं गेली. त्यातली 12 झिन्झिगला, अपंगांच्या एका वसतिगृहात तळमजल्यावर झोपलेली होती. झिन्झिग नदीच्या अगदी खालच्या टोकाला आहे, वरच्या गावांत संध्याकाळीच पाणी घुसलेलं, म्हणजे मध्ये कितीतरी तास हातात होते. याच्यावर मी पुढं परत येते, कारण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त लागलेलं तेच आहे.

मदतीला इतके लोक येत होते की त्यांच्याच गाड्यांनी रस्ते जाम व्हायला लागले, पूल गेलेले, रस्ते खचलेले. म्हणून तिथल्या दोन स्थानिक उद्योजकांनी हेल्फर शटल चालू केलं. वर ग्राफशाफ्टला इंडस्ट्रियल एरियात गाडी लावायची, तिथं गमबूट, फावडी, हातमोजे, मास्क सगळं मिळायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचारायचे, मग बस तुम्हाला खाली गावात सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची. आम्ही चौघं होतो, मी, माझी नाशिकची मैत्रीण, एक लातूरचा आणि एक केरळचा, बाकी बस जर्मन कॉलेजच्या पोरापोरींनी भरलेली. आम्हाला आरच्या काठावरच्या डेर्नाऊ गावात उतरवलं.

उतरल्या उतरल्या पहिली गोष्ट म्हणजे वास. चिखलाचा वास मला नवीन नव्हता पण हा वेगळा होता, रॉकेलसारखा, घशात जाऊन बसणारा. तिथल्या घरांना तळघरं असतात आणि बऱ्याच ठिकाणी थंडीत घर तापवायच्या तेलाची टाकी त्या तळघरातच असते. पाणी शिरलं की टाक्या उलटतात, फुटतात आणि ते तेल गाळात मिसळून भिंतींमध्ये मुरतं. आपल्याकडं गाळ ओला असतानाच काढला, पाण्याचा फवारा मारला, फिनेल टाकलं की घर निदान राहण्यासारखं होतं. तिथं तसं नाही चालत, तेल मुरलेलं प्लास्टर विटेपर्यंत फोडून काढावं लागतं, मग मशीन लावून भिंती कित्येक महिने वाळवायच्या.

आम्हाला घ्यायला आला तो गावातलाच एक पोरगा, एकोणीस-वीसचा असेल, गावच्या फायर ब्रिगेडमधला. जर्मनीत छोट्या गावांतली फायर ब्रिगेड म्हणजे गावातलेच लोक, पगार नाही, कुणी सुतार, कुणी कॉलेजचा, कुणी मळ्यात काम करणारा, देशभरात असे जवळपास दहा लाख लोक आहेत. याच्याकडं प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली एक वही होती. तिच्यात घराघराचं लिहिलेलं, इथं वीज तोडलीय, इथं फरशी फोडायची नाही, इथल्या आजोबांना विचारल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही. त्याने आम्हाला रांगेत उभं करून भराभर सूचना दिल्या आणि त्यातली शेवटची होती, घरातलं कुणी तुमच्याशी बोलायला आलं तर फावडं खाली ठेवायचं आणि ऐकायचं, प्लास्टर उद्याही निघेल.

दिवसभर एका आजींच्या घरात प्लास्टर फोडलं. तळमजला पूर्ण बुडालेला, वरच्या मजल्यावरही पाणी गेलेलं, गाळाची रेघ जिन्याच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर दिसत होती. लातूरचा मित्र आणि गावातला अजून एक जण ब्रेकर मशीन चालवायचे, प्लास्टर पापुद्र्यांनी खाली यायचं, आम्ही बादल्या भरायच्या, खिडकीतून बाहेर द्यायच्या, बाहेर साखळी, मग रस्त्यावरच्या ढिगात. थोड्या वेळाने एखादा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन यायचा आणि ढीग उचलून न्यायचा, हे पण सगळे आपल्या खर्चाने लांबून लांबून आलेले. एका भिंतीवर आतल्या लाकडी चौकटीपाशी पेन्सिलीने उंचीच्या खुणा होत्या, नातवंडांच्या, शेजारी वर्षं लिहिलेली, प्लास्टर सुटलं तरी लाकडावरच्या खुणा टिकलेल्या. त्या पोराने वहीत बघितलं आणि सांगितलं, एवढं लाकूड सोडून काम करा, आजींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. बाहेरून आलेल्या कुणालाही ते लाकूड काढून ढिगात टाकायला दोन मिनिटं लागली नसती आणि त्यात त्याचा काही वाईट हेतूही नसता, म्हणून मी म्हणते की गावातल्या माणसाशिवाय बाहेरच्यांनी घरात शिरूच नये.

तीनच्या सुमारास पाऊस आला. मोठा नव्हता, आपल्याकडं आपण छत्रीही उघडणार नाही असा. पण गल्लीच बदलली. आजी आत आल्या, पर्स घेतली, बूट घातले आणि कुणाशी काही न बोलता मळ्याच्या वाटेने वर चालायला लागल्या. शेजारची दोन माणसंही निघाली. त्या पोराने हातातली मशीन तिथंच ठेवली आणि आजींच्या मागं गेला, त्यांचा हात धरून वर एका भिंतीपाशी बसला. आम्ही काम चालू ठेवलं, थांबून बघत बसणं बरं दिसलं नसतं. अर्ध्या तासाने पाऊस थांबला तेव्हा मी चहाचा थर्मास घेऊन वर गेले.

आजींनी विचारलं तू कुठली. मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की माझ्या घरात पण याच आठवड्यात पाणी होतं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांचा पहिला प्रश्न, तुम्हाला आधी कळलं होतं का? मी म्हटलं हो. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, कोयनेतून किती सोडलं आणि पुलापाशी किती झालं हे दर तासाला प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतं, माझ्या आजीला सुद्धा तोंडपाठ असतं की आमच्या दारात किती फुटांना पाणी लागतं. अर्थात कळूनही माणसं जातात, 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटून इतकी माणसं गेली, तेही मी सांगितलं, उगाच आमच्याकडं सगळं छान आहे असं मला त्यांना वाटू द्यायचं नव्हतं.

आजी म्हणाल्या, आम्हाला कुणीच सांगितलं नाही, फक्त या पोरांनी दार वाजवलं. मग तो बोलायला लागला. संध्याकाळपासून ते वाळूची पोती भरत होते, मग लक्षात आलं की पोत्यांचा काही उपयोग नाही, तेव्हा पोती टाकून घरोघरी पळाले, दारं बडवली, म्हाताऱ्यांना उचलून वरच्या मजल्यावर नेलं. जिल्ह्यात आपत्ती जाहीर झाली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले. जुने भोंगे बऱ्याच गावांतून शीतयुद्ध संपल्यावर काढून टाकलेले. हे सांगताना तो आवाज न चढवता बोलत होता पण हात थरथरत होते. त्याचं स्वतःचं घर दोन गल्ल्या सोडून, ते अजून तसंच पडलेलं, त्याला तिकडं जायला वेळच मिळाला नव्हता! हे आम्हाला आजींनी सांगितलं, तो काहीच बोलला नव्हता. संध्याकाळची बस यायच्या आधीचे दोन तास आम्ही सगळे त्याच्या घरात गेलो आणि स्वयंपाकघर रिकामं करून दिलं. तो नको नको म्हणत होता, आजीच त्याला ओरडल्या.

मला राग येतो तो याच्यावर. इतका श्रीमंत देश, हवामानखात्याचा अंदाज होता, युरोपातल्या पुराच्या यंत्रणेने आधी सूचना दिलेल्या, आणि दारापर्यंत निरोप पोचवायला शेवटी उरली ती गावातली विशीतली पोरं. नंतर चौकश्या झाल्या. 2023 च्या फेब्रुवारीत सगळ्या मोबाईलवर एकदम इशारा पाठवायची सोय चालू झाली, चांगलं झालं. पण मोबाईल वाजल्यावर सुद्धा जिन्यावरून उतरता न येणाऱ्या आजीला कुणीतरी उचलावंच लागतं, आणि ते कुणीतरी त्या गल्लीतलंच असावं लागतं.

पुढं मी जमेल तेव्हा जात राहिले. चिखलाने माखलेल्या वाईनच्या बाटल्या न धुता तशाच विकून तिथल्या लोकांनी 40 लाख युरोंच्या वर मदत उभी केली, त्यातली एक आम्ही चौघांनी मिळून घेतली. नंतर मी बॉनला टीएचडब्ल्यूमध्ये नाव घातलं, ही सरकारी आपत्ती मदत संस्था आहे पण जवळजवळ सगळे स्वयंसेवकच असतात, तिथं ट्रेनिंगमध्ये वाळूची पोती तोंडापर्यंत न भरता दोन तृतीयांशच का भरायची इथपासून सगळं शिकवलं (गच्च भरलं तर ती एकमेकांवर नीट बसत नाहीत, मधून पाणी येतं).

आता सांगलीला गेले की मंडळाच्या पोरांसोबत बसून हेच सगळं चालतं. वहीची आयडिया त्यांना आवडली, गल्लीतल्या आजारी आणि एकट्या माणसांची यादी झालीय, ऑक्सिजनवर कोण आहे तेही लिहिलंय. बोट आहे. लाईफ जॅकेट पुरेशी नाहीत, या पावसाळ्याच्या आत ती घ्यायची म्हणून वर्गणी चालू आहे, गावभागातलं कुणी हे वाचत असेल तर मंडळात येऊन भेटा.