पंप बंद केला, तरी काका उठेनात

भूलशास्त्राची रेसिडेन्सी करत होते, तेव्हाची गोष्ट. जुलैत आमच्या आयसीयूत लेप्टोचे (पावसाळ्यात दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे) पेशंट एकामागून एक येत होते. त्यातलेच एक काका, चिखलणी करताना पायाला जखम झालेली. फुप्फुसात रक्तस्राव, किडन्या जवळपास बंद, व्हेंटिलेटरवर. झोपवून ठेवायला मी मिडॅझोलाम या गुंगीच्या औषधाचं इन्फ्युजन लावलं, म्हणजे पंपाने शिरेतून सतत थोडं थोडं. दुसरं औषध प्रोपोफॉल, पण त्याने बीपी पडतं आणि त्यांचं बीपी आधीच नॉरॲड्रेनालिनवर, म्हणजे बीपी वाढवणाऱ्या औषधावर टिकलेलं. त्या रात्रीपुरता निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं. चुकलं ते पुढे. सहा दिवस पंप त्याच वेगाने चालू राहिला. डोस कमी करायला कुणी हात लावला नाही, मीही नाही.

फुप्फुसं सुधारली तसा पंप बंद केला. एक दिवस गेला, दोन गेले, काका डोळे उघडेनात. काकू खाटेचा कठडा धरून सांगायच्या, "अहो, लावणी उरकली हो आपली." पापणीही हलत नव्हती. सीटी स्कॅन नॉर्मल आला. आमच्या वरिष्ठ डॉक्टर मॅडम क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "पंप तू बंद केलास, पण औषध अंगातून गेलंय का?"

मिडॅझोलामपासून यकृतात जे पदार्थ तयार होतात तेही गुंगी आणतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. किडन्या बंद असल्या की साचत जातात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. काकूंना "बघू या" म्हणताना आठवलं नाही, ते अजून सलतं.

चौथ्या पहाटे सिस्टरनी हाक मारली: पायाचा अंगठा हलला होता. पण जाग आली ती तळमळतच, हात सारखा व्हेंटिलेटरच्या नळीकडे. पुन्हा गुंगी देणं भाग होतं. आता बीपी सावरलं होतं, म्हणून डेक्समेडेटोमिडिन हे वेगळं गुंगीचं औषध घेतलं, किलोमागे तासाला ०.२ मायक्रोग्रॅमपासून. महाग पडतं, नाडी मंदावते. त्यांची ५२ वर आली तेव्हा डोस उतरवला. पण यात श्वास फारसा दबत नाही. हाक मारली की काका बघायचे, काकूंचा हात दाबायचे, परत डोळे मिटायचे. दोन दिवसांनी नळी निघाली.

आता इन्फ्युजन लिहिण्याआधी किडनी, यकृत, बीपी आणि किती दिवस झोपवावं लागेल, एवढं बघते. प्रोपोफॉल असेल तर किलोमागे तासाला ४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाही, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासत राहते. आणि पेशंटला झेपणार असेल तर सकाळी पंप किती वाजता थांबवून बघायचा, तेही त्याच ओळीत लिहिते.