ट्राउसवनिद: काळ्या खुर्चीचं गाव

वेल्सला गेलेले आपले बहुतेक लोक स्नोडनची ट्रेन आणि एकदोन किल्ले करून परत येतात, आम्ही या वेळी मॅन्चेस्टरहून बाला गावावरून मुद्दाम ट्राउसवनिदला गेलो. गावातले लोक नुसतं ट्राउस म्हणतात. वेल्श स्पेलिंग बघून घाबरू नका, एक एफ म्हणजे व, दोन डी म्हणजे आपल्या द च्या जवळचा उच्चार आणि डब्ल्यू बऱ्याचदा ऊ, एवढं लक्षात ठेवलं की पाट्या वाचता येतात.

इथे जायचं कारण हेद विन हा वेल्श कवी. खरं नाव एलिस इव्हान्स, जन्म १८८७ चा, चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि मग घरची मेंढरं राखत राखत कविता. पहिल्या महायुद्धात धाकट्या भावाला सैन्यात जावं लागू नये म्हणून हा स्वतः गेला. १९१७ च्या वसंतात नांगरणीसाठी सुट्टी मिळाली तेव्हा घरी बसून मोठी कविता बरीचशी लिहिली, फ्रान्समध्ये पूर्ण करून टोपणनावाने आयस्टेद्वोदला पाठवली आणि ३१ जुलैला बेल्जियममध्ये मारला गेला. आयस्टेद्वोद म्हणजे वेल्श भाषेचा साहित्य-संगीताचा मोठा उत्सव, आपलं साहित्य संमेलन डोळ्यासमोर आणा, फक्त तिथे स्पर्धा असते आणि कडक छंदोबद्ध कवितेला खुर्ची मिळते, अक्षरशः लाकडी खुर्ची. सप्टेंबरमध्ये बर्कनहेडला विजेत्याचं टोपणनाव पुकारलं, तुतारी वाजली, कोणीच उठेना. कवी युद्धात मारला गेला असं जाहीर झालं आणि रिकाम्या खुर्चीवर काळं कापड टाकलं. तेव्हापासून ती काळी खुर्ची.

ती खुर्ची गावाबाहेर त्याच्याच घरात आहे, शेताचं नाव अर अस्गुर्न. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. बेल्जियममधून निर्वासित होऊन आलेल्या एका कारागिराने ती घडवलीये, म्हणजे ज्या देशात कवी पडला त्याच देशातल्या माणसाच्या हातची! लाकडावर ड्रॅगन कोरलेत, वेलबुट्टी एकात एक इतकी गुंतलीये की नजर सुटत नाही. आणि त्याच घरात त्याने आधी जिंकलेल्या खुर्च्याही आहेत, म्हणजे ही काही नशिबाने लागलेली लॉटरी नव्हती.

पण मला जास्त भिडलं ते घर कसं टिकलं ते. कवीच्या भाच्याने आजीला, म्हणजे कवीच्या आईला, शब्द दिला होता की दार उघडं ठेवीन, आणि त्याने आयुष्यभर आलेल्या-गेलेल्याला ते घर दाखवलं. २०१२ ला नॅशनल पार्कने घर घेतलं, दुरुस्त करून २०१७ मध्ये परत उघडलं. माहिती देणारे लोक आधी वेल्शमध्ये बोलतात मग इंग्रजीत, आणि प्रश्न विचारले की मनापासून सांगतात.

घर बघून सरळ गाडीत बसू नका, गावात उतराच. मेन रोडवर त्याचा पुतळा आहे, १९२३ मध्ये त्याच्या आईनेच अनावरण केलेलं, आणि गणवेशातला सैनिक नाही तर मेंढपाळ दाखवलाय. खाली कोरलेल्या चार ओळी त्याच्याच, युद्धात मारल्या गेलेल्या मित्रासाठी लिहिलेल्या.

गावाला लागून मोठा तलाव आहे, तो नैसर्गिक वाटतो पण १९२० च्या दशकात जलविद्युतसाठी बांधलाय, त्यात शेतं-घरं बुडाली. काठावरचे दोन राखाडी ठोकळे म्हणजे बंद पडलेलं अणुवीज केंद्र, १९६५ ते १९९१ चाललं, पाडापाडीचं काम अजून चालूच. दिसायला रुक्ष, पण मला वाटतं अशा ठिकाणी पगाराची नोकरी असली तरच तरुण पोरं गावात राहतात आणि पोरं राहिली तरच भाषा राहते. २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के, पण या ग्विनेद काउंटीत ६४.४. आणि ते जाणवतं हो, दुकानात दूध घेताना मागे दोन शाळकरी मुली वेल्शमध्येच भांडत होत्या! मी ‘बोरे दा’ (गुड मॉर्निंग) म्हटलं तर काउंटरवरच्या बाईंचा चेहरा खुलला, मग ‘दिओल्ख’ (थँक यू) मधला घशातला ख त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला.

जाणाऱ्यांसाठी: घर रोज उघडं नसतं आणि हिवाळ्यात तर बंदच धरा, आधी वेबसाइट बघून वेळ बुक करा, आम्ही मागच्या खेपेला न बघता गेलो आणि फाटकावरूनच परतलो. गाडी असेल तर पर्यटनस्थळांच्या तपकिरी पाट्या बघत जा, शेवटचा रस्ता अरुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यावी लागते. गाडी नसेल तर बँगर-अॅबरिस्टविथ टी२ बस गावात थांबते, तिथून घरापर्यंत पायी जाता येतं, रविवारी बस कमी असतात म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. पाऊस कधीही येतो, छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोटच न्या. आणि ‘बारा ब्रिथ’ मिळाला तर लोणी लावून खा, चहात भिजवलेल्या मनुकांचा गोड पाव, आम्ही एक अख्खा बांधून आणला.