चासनाला आणि आयर्विन पुलाची पट्टी

सांगली, २७ डिसेंबर

आज चासनाल्यात हुतात्मा स्तंभाला फुलं वाहतील. १९७५ साली याच तारखेला दुपारी धनबादजवळच्या त्या कोळसा खाणीत पाणी फुटलं आणि ३७५ माणसं गेली.

सांगलीत पाण्याची भीती फुटांत मोजतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या पुरात ज्याला त्याला आकडाच हवा होता. सोडून दिलेल्या खाणीतल्या पाण्याला अशी पट्टी नसते. कोळसा काढलेल्या पोकळीत ते वर्षानुवर्षं साचत राहतं. दहा मीटर उंच पाणी दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा रेटा देतं. चासनाल्यात हे साचलेलं पाणी वर होतं, माणसं खाली, मध्ये राखलेल्या कोळशाची भिंत. ती फुटली.

ही भिंत किती जाड, ते फक्त नकाशा सांगतो. स्तंभापुढे उभं राहणाऱ्याने नावांइतकाच या नकाशाचा विचार करावा, असं मनापासून वाटतं. जुनी खाण बंद होताना शेवटच्या मोजणीनंतर चार-सहा मीटर कोळसा आणखी निघाला आणि कागदावर चढलाच नाही, की भिंत नकाशात जाड, प्रत्यक्षात पातळ. म्हणून जुन्या कामापासून, म्हणजे आधी कोळसा काढून सोडलेल्या जागेपासून, ६० मीटरच्या आत जायचं तर आधी परवानगी लागते. परवानगी मिळाली तरी जिथे कोळसा फोडतात त्या तोंडावर, पुढे पाणी आहे का ते बघायला, मधोमध एक लांब भोक आणि दोन्ही अंगांना आणखी भोकं, तीही खोदाईच्या कायम किमान ३ मीटर पुढे. या भोकांना वेळ जातो, त्या पाळीचा कोळसा कमी भरतो, आणि नेमकी तिथेच घाई होते. ती घाई अक्षम्य आहे.

कोरड्या कोळशाला घाम फुटला, तांबूस ओघळ दिसला, कुजक्या अंड्यासारखा वास आला, की काम थांबवून माणसं आधी वर काढायची. भोक मारून बघू, हे नंतर. पाणी फुटलं की ते पुढची हवा ढकलत येतं, पाठोपाठ जुन्या कामातला विषारी वायूही येतो. पोहता येण्याचा तिथे उपयोग नाही.

खाणीत उतरताना प्रत्येकाला नंबराचा दिवा मिळतो. पाळी सुटली की दिवे परत येतात, आपापल्या नंबरावर लागतात. जो नंबर रिकामा, तो माणूस अजून खाली.