दहाच्या नोटेसाठी रानपिंगळा

महात्मा गांधी मालिकेत १९९६ साली आलेल्या दहा रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूस गेंडा, हत्ती आणि वाघ एकत्र होते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात सुट्टे पैसे परत घेताना ती मळकट नारिंगी नोट अजूनही अधूनमधून हाती येते. २०१८ च्या चॉकलेटी नोटेवर त्या तिघांची जागा कोणार्कच्या सूर्यमंदिराने घेतली. वेरूळ, हंपी, सांची ही नव्या मालिकेतील चित्रे मलाही प्रिय आहेत. परंतु आपले रानही आपला वारसाच आहे आणि त्याला नोटांवर पुन्हा स्थान मिळावे, असे मला मनापासून वाटते.

मात्र तेव्हा प्राणी कोणता निवडावा, याचा विचार अधिक काळजीपूर्वक व्हायला हवा. दक्षिण आफ्रिकेच्या नोटांवर गेंडा, हत्ती, सिंह, म्हैस आणि बिबट्या आहेत, आणि २०२३ च्या मालिकेत ते पिल्लांसह दिसतात. नोटा देखण्या आहेत, पण हे पाचही प्राणी जगभर आधीच ठाऊक आहेत. मला ब्राझीलची रीत अधिक भावते. तेथील मध्यवर्ती बँकेने २००१ च्या सुमारास लोकांचा कौल घेतला. त्यात समुद्री कासव पहिले आले व दोन रियालच्या नोटेवर गेले, सोनेरी सिंहमुखी माकड वीसच्या नोटेवर आले, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या आयाळधारी लांडग्याला २०२० मध्ये दोनशेची नोट मिळाली. यांपैकी ते माकड रिओ दि जानेरो राज्याच्या किनारी जंगलाबाहेर निसर्गतः कोठेही आढळत नाही, आणि १९७० च्या दशकात त्याची संख्या काही शेकड्यांवर आली होती. अशा प्राण्याला नोटेवर आणणे म्हणजे ज्याने ते जंगल कधी पाहिलेले नाही त्याच्याही हातात रोज त्याची ओळख ठेवणे होय. न्यूझीलंडने तर पक्ष्यासोबत त्याच्या परिसरातील वनस्पतीही रेखाटल्या, म्हणजे पक्षी अधांतरी राहत नाही.

आपल्याकडे हा मान मी रानपिंगळ्याला, म्हणजे रानातल्या एका लहानशा घुबडाला, देईन. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे त्याची खात्रीलायक नोंद नव्हती आणि तो नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९९७ साली आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात त्याचे दर्शन झाले. ज्या तानसाचे पाणी मुंबई पिते, त्याच रानात हा पक्षी राहतो, हे इथल्या किती घरांत माहीत असेल?

चित्रकाराला येथे दक्ष राहावे लागेल, कारण आपल्या सोसायट्यांच्या आवारातील झाडांवर दिसणारा साधा पिंगळा याच्यासारखाच भासतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नसतात. शिवाय तो दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणून पार्श्वभूमीला चंद्र नको, सागाच्या पानझडी रानातले ऊन हवे. आणि नोट दहाचीच असावी, कारण पाचशेची नोट पाकिटात जपली जाते, तर दहाची रिक्षावाल्यापासून फुलवालीपर्यंत सर्वांच्या हातांतून फिरते.