घोड्याच्या पोटातल्या अळीचे छेद घेताना

बॉट माशीची अळी घोड्याच्या जठराच्या अस्तराला आकड्यांनी चिकटून आठ-दहा महिने काढते. आम्ल, जठराची घुसळण, वरून येणारा चारा या सगळ्याला पुरून उरणारं तिचं आवरण मायक्रोटोमच्या (सूक्ष्मदर्शकासाठी पातळ काप, म्हणजे छेद, घेण्याच्या यंत्राच्या) पात्यालाही दाद देत नाही, हे छेद घ्यायला बसल्यावर कळलं.

शवविच्छेदनात मिळालेल्या, तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या होत्या. जिवंत अळी थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकली तर काळवंडते, म्हणून आधी कढत पाणी. ओळख पटवणं सोपं गेलं. एक अळी कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवली. मांस विरघळलं, आवरण नि तोंडाचे आकडे राहिले. खंडांवर काट्यांच्या दोन ओळी, पुढच्या ओळीतले काटे मोठे, म्हणजे गॅस्टेरोफिलस इंटेस्टिनालिस. नेझॅलिस या तिच्या भाऊबंद जातीला एकच ओळ असते.

खरा त्रास पॅराफिनचा, म्हणजे छेद घेण्याआधी नमुन्यात मुरवायच्या मेणाचा. आवरणातून ते आत शिरेचना. अळीचे तुकडे करून, निर्वात भट्टीत जास्त वेळ ठेवून एकदाचं जमलं. तरीही काट्यांपाशी छेद फाटायचे आणि आवरण पेशींपासून सुटून यायचं. अशा छेदांवर आवरणाची जाडी मोजू नये, असं माझं मत झालं.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवल्यावर मात्र मागच्या टोकाने सगळी मेहनत वसूल केली. दोन श्वसनपट्टिका, प्रत्येकीवर तीन वाकड्या फटी, आणि त्या झाकून घेणाऱ्या मांसल कडा. त्यांच्या पुढे शरीरात मोठाल्या पेशींचा लालसर अवयव. श्वासनलिकांच्या बारीक शाखा थेट त्या पेशींच्या आत शिरलेल्या. लाली हिमोग्लोबिनची. जठरात हवा येते ती अधूनमधून, बुडबुड्यांतून. तेवढ्यातला ऑक्सिजन धरून ठेवायची ही सोय. (कीटकांत हिमोग्लोबिन तसं दुर्मीळच.)

हेच हिमोग्लोबिन प्रौढ माशीत कुठे जातं, हे शोधताना जीवशास्त्रज्ञ डेव्हिड केलिन यांना माशीच्या छातीच्या स्नायूंत चार पट्ट्यांचा वेगळाच वर्णपट दिसला. १९२५ साली त्यांनी त्या रंगद्रव्याला सायटोक्रोम म्हटलं. माझ्या छेदांत ते दिसणार नाही, त्याला वर्णपटदर्शक हवा. पण उडण्याचे ते स्नायू बघायचेच आहेत. प्रौढ माशी मिळाली, की आधी छातीच घेणार, आणि तीही नुकतीच कोषातून निघालेली, आवरण कडक व्हायच्या आत.