कुलूप कसं उघडतं हे बोलायचं की नाही

आज नागपूरच्या महाल भागात डीटीपीवाल्या काकांकडे बसलो होतो. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात डोंगल लावलेलं आहे, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप असलेली छोटी डबी, दोन्ही बाजूंनी स्क्रूनं कसलेलं, अन् प्रिंटरची केबल त्याच्यातूनच पुढे जाते. ते आता कधी लागते कधी नाही, आणि नाही लागलं की मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडतच नाही, लग्नपत्रिका स्मरणिका सगळी जुनी कामं त्यातच अडकून. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. रोख पैसे देऊन घेतलेलं आहे, बिलसुद्धा आहे. काका म्हणाले, डोंगलशिवाय कसं चालवायचं हे कोणी उघडपणे सांगत काऊन नाही बाप्पा, चोरी करून राह्यलो का मी?

मला वाटतं बोललंच पाहिजे. बहुतेक डोंगलमधे सॉफ्टवेअर चालू होताना पोर्टला एक प्रश्न विचारते, बरोबर उत्तर आलं तर पुढे जाते, नाही आलं तर बंद. हे समजून घेण्यात कोणाचं काय गेलं? २००० साली अमेरिकेत गाण्यांच्या कॉपी-प्रोटेक्शनसाठी एकत्र आलेल्या कंपन्यांनी स्वतःच लोकांना आव्हान दिलं की तोडून दाखवा, प्रिन्स्टनचे प्रोफेसर एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या टीमनं तोडून दाखवलं, तर २००१ मधे परिषदेत त्यावरचा शोधनिबंध वाचायच्या आधी कायद्याचा धाक दाखवणारं पत्र हातात! तेव्हा निबंध मागे घ्यावा लागला, शेवटी ऑगस्टमधे दुसऱ्या परिषदेत वाचला. याचा मला खरंच राग येतो. कुलूप कच्चं आहे हे सांगणाऱ्याचं तोंड बंद केल्यानं कुलूप पक्कं होत नाही.

पण गोकुळपेठेतला माझा एक मित्र मेडिकल स्टोअरवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो, एकटाच, रिन्युअलच्या पैशावर त्याचं घर चालते. त्याच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारा तयार पॅच, म्हणजे छोटा प्रोग्राम, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला तर ती माहिती नाही, ते सरळ सरळ त्याच्या ताटातलं उचलणं आहे. तसला पॅच मी कोणालाच देणार नाही, कितीही जवळचा असू दे.

आपला कायदा इथं मला बराच समंजस वाटतो. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडलं तर. एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती सांकेतिक करून लपवण्याच्या, संशोधनाला सूट आहे, आणि कलम ५२ प्रमाणे ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याला बॅकअप घेता येतो, प्रोग्राम कसा चालतो ते तपासताही येते. शिवाय कायद्यात बसणाऱ्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत केली तर त्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची असंही त्यात लिहिलंय. लोकांना ही कटकट वाटेल, मला पटते, कारण ज्याला खरंच अडचण आहे तो नाव सांगायला कचरत नाही, आणि समोर बसून कारण ऐकल्यावर मदत करायची की नाही ते मलाही ठरवता येते.